अठरा हजार पानं आणि तीन ‘आय५’ : प्रकल्प नोंदी

२० मार्च २०२५

वाचनालयातल्या जुन्या मासिकांचं स्कॅनिंग काल संपलं. १८,००० पानं, थोडी इकडे-तिकडे. आता या चित्रांमधून मजकूर काढायचा, म्हणजे ओसीआर करायचं, आणि तो मजकूर माणसांनी मूळ पानाशी ताडून दुरुस्त करायचा. समितीकडे एका देणगीदाराचे पैसे आलेत, त्यातून कॉम्प्युटर घ्यायचेत. डेस्कटॉप की लॅपटॉप, यावर परवाच्या बैठकीत दोन तट पडले. मी म्हटलं, महिनाभराचा वेळ द्या, मोजून सांगतो.

हाताशी तीन यंत्रं आहेत आणि तिन्हींवर ‘आय५’चंच, म्हणजे इंटेलच्या एकाच नावाच्या प्रोसेसरचं, स्टिकर आहे.

वाचनालयाचा जुना डेस्कटॉप: आय५-२४००, २०११चा. ४ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झ, ९५ वॅट.
माझ्या घरचा डेस्कटॉप: आय५-८४००, २०१७चा. ६ कोअर, कमाल ४.० गिगाहर्ट्झ, ६५ वॅट.
लॅपटॉप: आय५-८२५०यू, हाही २०१७चाच. ४ कोअर, ८ थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं), मूळ वेग १.६, कमाल ३.४ गिगाहर्ट्झ, १५ वॅट. एका टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात पाच वर्षं वापरून झालेला. मालकांनी वाचनालयासाठी म्हणून आनंदाने दिला.

शेवटची दोन्ही आठव्या पिढीची. दुकानात कुणी विचारलं तर दोघांनाही ‘आय५, एट्थ जन’ असंच सांगतात. नावातलं ते शेवटचं ‘यू’ कुणी उच्चारतही नाही. खरा फरक त्या एका अक्षरात आहे: ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा, लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर.

तिन्हींवर एकच लिनक्स, एकाच आवृत्तीचं टेसरॅक्ट (ओसीआर करणारं सॉफ्टवेअर) आणि मराठीचं एकच मॉडेल टाकलं. हार्ड डिस्कमुळे निकाल बिघडू नये म्हणून जुन्या यंत्रालाही एसएसडी बसवली.

२३ मार्च

चाचणीसाठी १२० पानं निवडली: साधी, दोन रकान्यांची, जाहिरातींची, पुसट छपाईची, सगळी मिसळून. डेस्कटॉपवर एका वेळी सहा पानं लावली. सगळे कोअर शंभर टक्के कामात दिसत होते, पंखा जोरात फिरत होता आणि पानं मात्र एकेक करून रखडत पुढे जात होती. सहा कोअरचं यंत्र एका कोअरच्या चालीनं चालतंय असं वाटावं. लॅपटॉपवर त्याहून वाईट.

आजचे सगळे आकडे खोडून टाकले.

२४ मार्च

चूक सापडली. टेसरॅक्ट एका पानासाठीसुद्धा स्वतःहून चार थ्रेड उघडतो. मी सहा पानं एकदम लावली, म्हणजे सहा कोअरवर चोवीस थ्रेड एकमेकांची वाट बघत बसले. कोअर कामात दिसत होते, पण त्यातला बराच वेळ निव्वळ वाट बघण्यात जात होता. प्रत्येक पानाला एकच थ्रेड असं बंधन घातलं (ओएमपी थ्रेड लिमिट = १) आणि पुन्हा चालवलं.

१२० पानं, सगळे कोअर वापरून:
आय५-८४००: २ मिनिटं १३ सेकंद
आय५-२४००: ५ मिनिटं ४५ सेकंद
आय५-८२५०यू: ६ मिनिटं ५ सेकंद

लॅपटॉप चौदा वर्षं जुन्या डेस्कटॉपच्याही मागे. ग्रंथपाल काका शेजारी उभे होते. त्यांनी तीन आकडे वहीत उतरवून घेतले आणि म्हणाले, “मग झालं की ओ. लॅपटॉपचं नावच काढायचं नाही.” मी त्यांना थांबवलं. आकडा खरा आहे, पण मला तो पटत नाही. आय५-२४००मध्ये एव्हीएक्स२ नाही. एका आदेशात जास्त आकड्यांचं गणित उरकणाऱ्या या सूचना इंटेलने २०१३च्या हॅसवेल पिढीपासून दिल्या, आणि टेसरॅक्ट त्या भरपूर वापरतो. लॅपटॉपमध्ये त्या आहेत. तो मागे पडायला नको होता.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी घरची गुढी उभारून वाचनालयात आलो. सुट्टी असल्यामुळे शांतता होती, मागच्या गल्लीतले मागही बंद.

आज एका वेळी एकच पान, एकच थ्रेड. सरासरी:
आय५-८४००: पानाला ६ सेकंद
आय५-८२५०यू: ७ सेकंद
आय५-२४००: ११ सेकंद

हे बरोबर वाटतं. ४.० आणि ३.४ या वेगांचं जे प्रमाण, तेच ६ आणि ७चं. एका कोअरपुरतं काम असेल तर १५ वॅटचा प्रोसेसर ६५ वॅटवाल्याच्या अगदी पाठीला पाठ लावून चालतो, कारण एकटा कोअर पूर्ण वेगाने पळाला तरी पंधरा वॅटच्या आत भागतं. टायपिंग, वेबपान उघडणं, एखादा लेख तपासणं ही कामं बहुतेक अशीच, एका-दोन कोअरची.

म्हणजे लॅपटॉपच्या कोअरमध्ये खोट नाही. सगळे मिळून कामाला लागले की काहीतरी होतंय.

५ एप्रिल

दुपारी दोन वाजता खोलीत ३८ अंश. लॅपटॉपवर आठ पानं एकदम लावली आणि शेजारच्या खिडकीत टर्बोस्टॅट उघडून दर सेकंदाला वेग, वॅट आणि तापमान बघत बसलो.

पहिल्या काही सेकंदांत चारही कोअर ३.४वर, वॅटचा आकडा तिशीच्या पुढे. तापमान जिना चढावं तसं चढलं: ७०, ८१, ९०, ९७. वीस सेकंदही झाले नव्हते आणि वेग कोसळू लागला. २.६, २.२, १.९. मग १.७ ते १.८च्या मध्ये अडकला, तापमान ९७-९८वर चिकटलेलं. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. त्याच्या अलीकडे तो स्वतःला आवरतो.

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र केल्या की निदान चुकतं.

पहिली ठरवून केलेली. लॅपटॉपला दोन वीजमर्यादा घालून दिलेल्या असतात: थोड्या वेळासाठी मोठी, कायमसाठी लहान. या लॅपटॉपवर मोठी मर्यादा २८ सेकंदांची आहे, त्यानंतर १५ वॅट. लॅपटॉप बनवणारा हे आकडे बदलू शकतो, म्हणून एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप दोन वेगळ्या वेगांनी चालू शकतात. यात काही बिघाड नाही.

दुसरी उष्णतेची. हा लॅपटॉप १५ वॅटवरसुद्धा टिकत नव्हता; १०-११वर येऊन बसला होता. मर्यादा वीज ओढण्याची नव्हती, उष्णता बाहेर जात नव्हती.

मागच्या बाजूला, हवा बाहेर पडते तिथं हात धरला. गरम हवेचा झोत यायला हवा होता. नुसती ऊब होती.

काका म्हणाले, “लई तापालंय की ओ हे. खाली ओलं फडकं ठेवू का?” ओलं फडकं नको म्हटलं, पण उघडून बघायचं ठरवलं.

११ एप्रिल

लॅपटॉप उघडला. खालचे अकरा स्क्रू, त्यातले दोन रबराच्या पायाखाली लपलेले.

पंखा वरवर स्वच्छ होता. नुसता पंखा पुसून झाकण लावणारे बरेच असतात, आणि त्यांच्या हाती काही लागत नाही. पंख्याचे तीन स्क्रू काढून तो उचलला तेव्हा खरं दिसलं. पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या यांच्या मधल्या फटीत कापसाच्या तंतूंचा थर होता. धूळ नव्हे, थर. चिमट्यानं एका टोकाला धरून ओढला तर अखंड पट्टी निघून आली, बोटभर लांब, नमद्यासारखी दाबलेली, करड्या रंगाची, मध्येच एक निळा आणि एक गुलाबी धागा. त्या कारखान्यात त्या वर्षांत निघालेल्या टॉवेलांचे रंग असणार. पाच वर्षं पंखा आत ओढत राहिला आणि जाळीनं अडवून ठेवलं. सोलापुरात कारखान्याच्या ऑफिसातल्या कुठल्याही लॅपटॉपमध्ये हे सापडेल. पूर्व भागात घराला लागूनच माग असतो, तिथं घरच्या यंत्रातही. पुण्या-मुंबईत लिहिलेल्या सल्ल्यांत ‘वर्षातून एकदा साफ करा’ असतं. इथं तीन महिन्यांचा हिशेब धरायला हवा.

प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, ज्वारीच्या दाण्याएवढी नवी लावली, स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळले. तासाभराचं काम.

ती पट्टी एका पाकिटात घालून ठेवली आहे. समितीला दाखवायची आहे.

१२ एप्रिल

त्याच खोलीत, त्याच वेळी, खोलीचं तापमान ३८. १२० पानं, सगळे कोअर:

आय५-८२५०यू: ४ मिनिटं २२ सेकंद.

आधी ६ मिनिटं ५ सेकंद होते. प्रोसेसर तोच, सॉफ्टवेअर तेच. आता तापमान ८१वर स्थिर, १५ वॅट, वेग २.३-२.४. पंधरा वॅटचा लॅपटॉप पंच्याण्णव वॅटच्या जुन्या डेस्कटॉपच्या सव्वा मिनिटाहून जास्त पुढे. काकांनी वहीतला आधीचा आकडा खोडला नाही. शेजारी नवा लिहून कंसात ‘साफ केल्यावर’ असं लिहिलं. मला ते फार आवडलं.

आठऐवजी चारच पानं एकदम लावून पाहिली तर ४ मिनिटं ४८ सेकंद लागले. एका कोअरचे दोन थ्रेड म्हणजे दुप्पट काम नव्हे, पण २६ सेकंद वाचले.

रॅमची दुसरी ८ जीबीची पट्टी टाकूनही पाहिलं. एकाच पट्टीवर डीडीआर४-२४०० रॅम सेकंदाला १९.२ जीबी डेटा देऊ शकते, दोन पट्ट्या असतील तर दुप्पट. ओसीआरच्या वेळात फरक पडला सात सेकंदांचा. या कामासाठी पैसे घालण्यासारखं नाही.

१४ एप्रिल

छोट्या चाचणीवर का विसंबू नये, ते नोंदवून ठेवतो. पहिल्या २५ सेकंदांत लॅपटॉपनं १४ पानं वाचली, माझ्या डेस्कटॉपनं २२. पुढची चाल बघितली तर डेस्कटॉप लॅपटॉपच्या दुपटीहून थोडा जास्त. २८ सेकंदांची सवलत संपायच्या आत चाचणी संपली, तर लॅपटॉपला जे गुण मिळतात ते त्याच्या रोजच्या कामाचे नसतात. पाच-दहा मिनिटं तरी चालवल्याशिवाय अशा यंत्राबद्दल बोलू नये.

१६ एप्रिल

समितीतले एक निवृत्त विज्ञान शिक्षक आले होते. त्यांचा प्रश्न रास्त होता: “वीज चौपटीनं कमी, तर काम चौपटीनं कमी का होत नाही? निम्मं कसं होतं?”

याचं उत्तर व्होल्टेजमध्ये आहे. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढते. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणून शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात. २.४वरून ३.४वर जायला वेग दीडपटीच्या आत वाढतो, वीज दुपटीच्या पुढे जाते. लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या मातीचा नसतो. ही दोन्ही यंत्रं १४ नॅनोमीटरच्याच तंत्रावर बनलेली. लॅपटॉपवाल्याला त्या चढणीच्या पायथ्याशी चालवतात, डेस्कटॉपवाल्याला वरपर्यंत नेतात. जुना आय५-२४०० ३२ नॅनोमीटरचा, त्याला ती चढणच जास्त उभी.

गुरुजींनी फळ्यावर वर्गाचा आलेख काढून दाखवला तेव्हा अभ्यासिकेतली चार मुलंही येऊन उभी राहिली.

१९ एप्रिल

प्लगला लावायचं वॅटमीटर आणलं. आजच्या आकड्यांनी माझा विचार बदलला.

१२० पानांना भिंतीतून लागलेली वीज, मॉनिटर सोडून:
आय५-८२५०यू: २ वॅट-तास
आय५-८४००: साडेतीन वॅट-तास
आय५-२४००: पावणेअकरा वॅट-तास

नवा डेस्कटॉप लॅपटॉपपेक्षा जास्त खातो, पण निम्म्या वेळात मोकळा होतो, त्यामुळे फरक पावणेदोन पटीचाच राहतो. जुन्याचा आकडा दोघांच्याही पलीकडचा. ‘आहे तेच वापरू, फुकट आहे’ असं समितीत म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा राखून ठेवला.

मग पुढचा हिशेब मांडला. १८,००० पानं नव्या डेस्कटॉपवर काढायला सगळी मिळून अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागेल. अर्धं युनिट! आणि वेळ साडेपाच तास. लॅपटॉपवर अकरा तास. या दोन्ही आकड्यांसाठी आम्ही बैठकीत दीड तास भांडलो होतो.

कुणीही काही करत नसताना मीटर काय दाखवतं ते पाहिलं. पडद्यावर एक पान उघडं आणि समोर माणूस वाचत बसलेला. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून ५२ वॅट. लॅपटॉप पडद्यासकट ९ वॅट.

२३ एप्रिल

दुपारी सव्वातीनला वीज गेली, पाऊण तासानं आली. डेस्कटॉप जागच्या जागी बंद. चाललेल्या सहा पानांच्या फायली अर्धवट राहिल्या. झालेल्या पानांची यादी वेगळी ठेवत होतो म्हणून बाकीचं वाचलं. लॅपटॉप चालतच राहिला. त्याच्यासमोर बसलेल्या ताईंना वीज गेल्याचं पंखा थांबल्यावर कळलं.

आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी १५० अँपिअर-तास, १२ व्होल्टची, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. त्यावर वाचनकक्षाचे पंखे आणि दिवे आहेत. चार डेस्कटॉप मॉनिटरसकट नुसते उघडे ठेवले तरी २०० वॅटच्या पुढे जातात. चार लॅपटॉप ४० वॅटच्या आत, आणि त्यांच्या पोटात स्वतःची बॅटरी.

२६ एप्रिल

आज यंत्रांऐवजी माणसांचा वेळ मोजला. या ताई तपासणीचं काम करतात. घरी तेलुगू बोलतात, पण मराठी शुद्धलेखनावर त्यांची नजर आमच्या सगळ्यांपेक्षा पक्की आहे. त्यांनी वीस पानं तपासली, मी घड्याळ लावून बसलो. सरासरी पानाला दहा मिनिटं.

बहुतेक चुका ठरावीक. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’तला तो आडवा र ओसीआर हमखास गिळतो. पुसट छपाईत ‘ळ’चा ‘ल’ होतो. मासिकांच्या काही अंकांत ‘अि’, ‘अु’ अशी त्या काळच्या लिपिसुधारणेची अक्षरं आहेत; तिथं तर अख्खा शब्दच मोडतो. तिन्ही यंत्रांनी काढलेला मजकूर ताडून पाहिला, तिन्हींच्या चुका अक्षर-न्-अक्षर सारख्या. जास्त वॅट दिले म्हणून र सुधारत नाही.

एका जागी ताई थांबल्या. मूळ पान मोठं करून पाहिलं, भिंग काढलं, मग म्हणाल्या, “इथं ‘मळा’च आहे. ‘माळ’ नाही. पुढं विहीर आलीय बघा.” दीड मिनिट गेलं एका शब्दाला, आणि ते जायलाच हवं होतं.

१८,००० पानं, पानाला दहा मिनिटं: ३,००० तास. चौघांनी रोज दोन-दोन तास दिले तर वर्षाहून जास्त. ओसीआर साडेपाच तासांत झालं काय की अकरा, या तीन हजारांपुढं ते दिसतही नाही. आणि त्या तीन हजार तासांत यंत्र करतं काय, तर एक पान उघडून ठेवतं. त्याला एक कोअर पुरतो, आणि तिथं लॅपटॉप ७ सेकंदांचा, डेस्कटॉप ६चा.

२८ एप्रिल

समितीची बैठक. कापसाची पट्टी टेबलावर ठेवली, वॅटमीटरचे आकडे वाचले, काकांची वही फिरवली. ठरलं ते असं: देणगीतून तपासणीसाठी लॅपटॉप घ्यायचे, सेकंडहँड, आठव्या पिढीच्या आधीचे नकोत. घेताना दहा मिनिटं सगळे कोअर चालवून वेग कुठं स्थिरावतो ते बघायचं आणि मगच पैसे द्यायचे. दर तीन महिन्यांनी पंखा काढून साफ करायचा. ती जबाबदारी मी घेतली. ओसीआरसाठी वेगळं यंत्र घ्यायचं नाही, माझा डेस्कटॉप रात्री वाचनालयात राहील. जुनं यंत्र नोंदवहीच्या टेबलावर, दिवसातून तासभर.

डेस्कटॉपच्या बाजूनं बोलणाऱ्या एका सभासदांची एक शंका मात्र अजून बाकी आहे. लॅपटॉपचा पडदा लहान, आणि ज्येष्ठांना पान आणि मजकूर शेजारी-शेजारी दिसत नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. एका लॅपटॉपला वाचनालयाचा जुना मॉनिटर जोडून बघतो.

२ मे

रात्री ९.४०ला सगळी पानं डेस्कटॉपवर लावली. खिडक्या उघड्या ठेवल्या, खोलीत ३१ अंश. वेग ३.८वर स्थिर, तापमान ७४. अर्धा तास बसून पाहिलं, एकदाही हललं नाही. कुलूप लावून घरी गेलो.

३ मे

शेवटच्या फाइलची वेळ पहाटे ३.२६. एकवीस पानं वाचताच आली नाहीत, ती पुन्हा स्कॅन करावी लागतील. यादी काकांकडे दिली.

मॉनिटर जोडलेल्या लॅपटॉपवर काका स्वतः बसले, डावीकडे पान, उजवीकडे मजकूर. मीटर २६ वॅट दाखवतंय, ते चालेल. ताई शेजारच्या टेबलावर.

आज तपासून झालेली पानं: २३.